संध्याकाळी साडेसातला हाताशी काय येतं? नागपुरात स्वयंपाकघर लावताना

आमच्या घरी बाहेरून आलुबोंडे कधी येतात, याचा मी एकदा महिनाभर हिशेब ठेवला. आले की कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलनं टिंब काढायचं, एवढंच. महिना संपल्यावर पाहिलं तर रविवार जवळजवळ कोरे. टिंबं सगळी मंगळवार, बुधवार, गुरुवारची. मी ऑफिसातून येते ती वेळ साडेसातची. लेकीला भूक लागलेली, सासूबाईंचा दिवा लावून झालेला आणि ओट्यावर काहीच नाही. फ्रिजमध्ये पालक होता, पण मातीसकट, बाजारातून आला तसा पिशवीत. ज्वारी होती, दळण नव्हतं. मूग होते, भिजवलेले नव्हते.

म्हणजे सामान घरात होतंच. साडेसातला उपयोगी पडेल असं त्यातलं काही नव्हतं. तेव्हापासून स्वयंपाकघरातली प्रत्येक फळी, प्रत्येक डबा मी याच एका प्रश्नाला लावते: थकून आलेला माणूस साडेसातला हात लांब करेल तेव्हा हाताला काय लागेल? खाली लिहिलंय ते चार माणसांच्या घराचं आहे (आम्ही दोघं, सासूबाई, अकरा वर्षांची लेक) आणि नागपूरच्या हवेचं आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ऊन आणि कुलरचा भाग सोडून दिला तरी चालेल.

आधी सगळं खाली काढा

एक रविवार सकाळ मोकळी ठेवा. हॉलमध्ये जुनी चादर अंथरा आणि फडताळ, ओट्याखालचे कप्पे, वरची फळी, सगळं त्यावर आणा. फ्रिज दुसऱ्या दिवशी. दोन्ही एकाच दिवशी काढलं तर दुपारी जेवायला बाहेरच जावं लागतं, अनुभव आहे.

आमच्याकडे साबुदाण्याचे तीन अर्धवट पुडे निघाले, गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीचं पातळ पोह्यांचं पाकीट निघालं आणि ओव्हन नसताना बेकिंग पावडरचे दोन डबे. आता तीन ढीग करा: ठेवायचं, या पंधरवड्यात संपवायचं, टाकायचं. शंका आली तर नाक वापरा. तेल, दाणे, तीळ, जवसाची पूड, खोबऱ्याचा कीस यांना जुनाट, रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ते खवट झालंय, भाजून ते सुधारत नाही. फल्लीदाण्यात काळे पडलेले, सुरकुतलेले किंवा बुरशी दिसणारे दाणे असतील तर निवडून टाका. जास्तच असतील तर पिशवीच टाका. दाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. इथे काटकसर नको.

बिस्किटं, चिवडा, फरसाण सरसकट टाकून द्या असं मी सांगणार नाही. एक तर घरात भांडण होतं, दुसरं म्हणजे चार दिवसांनी तेच पुन्हा येतं. त्यांची जागा बदलायची आहे, ती पुढे सांगते. फक्त पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार जो घटक वजनानं जास्त तो यादीत आधी येतो. पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्यांचं चित्र आणि मागे पहिला शब्द मैदा, दुसरा साखर, असं असेल तर ती मिठाई आहे असं समजून चालायचं.

महिन्याचं सामान किती?

किराण्याची यादी आपण सवयीनं करतो. आई पाच किलो साखर आणायची म्हणून आपणही पाच किलो. मी एकदा उलटीकडून हिशेब केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं प्रसिद्ध केली. त्यात २००० कॅलरीच्या दिवसाचं एक ताट दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ-जवस-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. याला चारनं आणि तीसनं गुणलं की किराण्याची चिठ्ठी तयार होते.

धान्य महिन्याला ३० किलो. आमच्याकडे त्याची वाटणी अशी: गहू १२, तांदूळ ८, ज्वारी ७ आणि पोहे-रवा-दलिया-नाचणी मिळून ३. पूर्वी ज्वारी दोन किलो असायची. वाढवली ती गव्हातून आणि तांदळातून काढून.

डाळी आणि कडधान्यं १० किलोच्या आसपास. हा आकडा पाहून मी थबकले, कारण आमच्या घरी साडेचार-पाच किलोच येत होतं. वरण पातळ, भात जास्त, अशी आपली विदर्भातली सवय. आता तूर ३, मूगडाळ २, चणाडाळ २, आणि अख्खे मूग, मोट (मटकी), चवळी, हरभरे, मसूर मिळून ३ किलो. मांसाहारी घरात यातलं काही कमी होईल.

तेल-तूप मिळून सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. आम्ही पाच लिटरचा कॅन आणायचो आणि तो महिन्याला संपायचा. साखर: त्याच संस्थेचा सल्ला माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहण्याचा आहे. चौघांचे महिन्याला ३ किलो. पण यात चहा, बिस्किटं, शरबत, जॅम, लेकीच्या दुधातली पावडर, सगळं धरायचं. कपाला दोन चमचे साखर घालून दिवसाला तीन चहा घेतले तर त्या माणसाचा दिवसाचा कोटा चहातच संपतो. गुळाला सूट नाही, तो याच हिशेबात येतो. आम्ही आता साखर दीड किलो आणि गूळ अर्धा किलो आणतो.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे किलोचं पाकीट दीड महिन्याहून जास्त पुरायला हवं, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाणातलं मीठ वेगळं आलंच. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

हे आकडे तंतोतंत पाळायचे नसतात. घरात मधुमेही असेल, वाढती मुलं असतील, तर ताट बदलतं. पण चिठ्ठी घेऊन दुकानात उभं राहिल्यावर तेल पाच की साडेतीन, डाळ पाच की दहा, हे दोन निर्णय बरोबर झाले तर निम्मं काम तिथेच होतं.

कुठून आणायचं

धान्य आणि डाळी मी इतवारीतून आणते. मस्कासाथ, किराणा ओळ या भागात चार दुकानं फिरून हातात घेऊन पाहता येतं. गहू वर्षाचा एकदम, एप्रिल-मेमध्ये. तांदूळ मात्र नवा घेऊ नका, निदान काही महिने जुना घ्या, मोकळा होतो. आपल्याकडे जो एचएमटी तांदूळ घरोघर खाल्ला जातो, तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं आपल्या शेतात वेगळी लोंबी पाहून निवडत निवडत तयार केलेला आहे. नाव पडलं घड्याळावरून. दुकानदाराला हे सांगितलं की भाव कमी होत नाही, पण गप्पा छान होतात.

हळद वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची, तिखट भिवापूरच्या मिरचीचं, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. मिरच्या आणून, ऊन दाखवून, डोळ्यांसमोर कुटून घेतल्या तर रंगाची काळजी राहत नाही.

बेसन सुटं आणू नका. चणाडाळ आणा आणि चक्कीवरून दळून घ्या. कारण आपल्या भागात लाखोळीची डाळ स्वस्त असते आणि तिची भेसळ बेसनात होते. लाखोळीत ओडॅप नावाचं द्रव्य असतं. रोजचं मुख्य अन्न म्हणून महिनोन् महिने ती खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. कधीमधी एखाद्या वडीत आली म्हणून घाबरायचं नाही, पण चणाडाळीचे पैसे देऊन लाखोळी का खायची?

ऊन, कुलर आणि सोंडे

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, त्याचा एकच फायदा आहे आणि तो पुरेपूर घ्यावा. गहू, ज्वारी, डाळी गच्चीवर चादरीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. दाण्यातला ओलावा जातो आणि किडेही मरतात. संध्याकाळी लगेच डब्यात भरू नका. गरम धान्य बंद केलं की आत वाफ धरते आणि झाकणाला घाम येतो. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या, मग भरा. तांदळाला मात्र थेट ऊन नाही: दाण्याला बारीक चिरा पडतात आणि भाताची कणी होते. तांदूळ सावलीत, पंख्याखाली.

सोंडे बाहेरून उडत येतात असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ते दाण्याच्या आतच असतात. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, वरून भोक बुजवते, आणि दमट-उबदार हवेत महिन्याभरात नवा किडा बाहेर येतो. म्हणून मेमध्ये स्वच्छ दिसलेल्या डब्यात जुलैत अचानक पोरकिडे दिसतात. उपाय जुनेच: डाळींना किलोला लहान चमचाभर एरंडेल चोळायचं, कोठीत कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला थरावर थर घालायचा, झाकण घट्ट. रवा, मैदा, दलिया नवीन आणला की पुडा तसाच चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. अंडी तिथेच मरतात.

धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्या मिळतात, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या, त्या घरात कधीही, एकही नको. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. त्यावर उतारा नाही. बोरिक पावडर लावलेले तांदूळही मी घेत नाही.

आता कुलर. नागपुरात घराघरात खिडकीला कुलर असतो आणि त्याच्या हवेच्या झोतात बरेचदा स्वयंपाकघराचं दार येतं. बाहेर कोरडी हवा असताना आपण घरात स्वतःहून पावसाळा आणतो. आमचे पापड मे महिन्यात मऊ पडायचे, कारण सापडायला दोन वर्षं लागली. कोठी आणि पिठाचे डबे कुलरच्या झोताबाहेर, भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा.

कुठल्या फळीवर काय

कमरेपासून डोळ्यांपर्यंतची जागा ही स्वयंपाकघरातली सगळ्यात महागडी जागा. बहुतेक घरांत तिथे चहा, साखर, बिस्किटं आणि पाहुण्यांचे कप असतात. ते सगळं हलवा.

या पट्ट्यात मी काय ठेवते: रोजच्या दोन डाळी, मूग आणि मोट, ज्वारीचं पीठ, पोहे, दलिया, भाजलेले फल्लीदाणे, जवसाची चटणी, फुटाणे. सगळे डबे पारदर्शक. स्टीलचे डबे सुंदर दिसतात, पण आत काय आहे ते साडेसातला आठवत नाही आणि झाकणं उघडून पाहण्याइतका धीर नसतो. काचेच्या बरण्या उन्हात मात्र नकोत. पश्चिमेची खिडकी असेल तर त्या फळीला पडदा लावा. डबे गळ्यापर्यंत भरू नका. अर्ध्या-एक किलोचे छोटे डबे हाताशी आणि बाकीचं खालच्या मोठ्या डब्यात. छोटा डबा संपला की धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून भरायचा. जुन्यावर नवीन ओतायचं नाही, किडे असेच पुढे पुढे जातात.

शेगडीच्या डोक्यावर मसाल्याची फळी सगळीकडे असते आणि ती चुकीची जागा आहे. वाफ आणि धग लागून तिखटाचा रंग उडतो, धण्याची पूड भुसा होते. मिसळणाचा डबा शेगडीच्या बाजूच्या कप्प्यात, बाकीचे मसाले अंधारात. तेलही तसंच: कॅन खाली कपाटात आणि ओट्यावर फक्त छोटी बुधली. मी महिन्याच्या साडेतीन लिटरमधलं अर्धा लिटर तुपासाठी सोडून उरलेलं चार आठवड्यांत वाटते. बुधली पाऊण लिटरची, ती सोमवारी भरायची. शनिवारपर्यंत पुरली पाहिजे. हा एक नियम बाकीच्या सगळ्या उपदेशापेक्षा जास्त काम करतो, कारण बुधवारी ती अर्ध्याखाली गेलेली दिसली की हात आपोआप आखडतो. सावजी रस्सा करायचा रविवार मी आधीच धरते. तर्रीशिवाय सावजी म्हणजे नुसतं तिखट पाणी, त्यामुळे त्या दिवशी हिशेब सोडून करते आणि सोमवारी-मंगळवारी भाज्या वाफेवरच्या.

आणि चिवड्याचे डबे? सगळ्यात वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असे, आणि अपारदर्शक. सासूबाईंना पहिल्याच दिवशी कळलं.

"काहून वं, डबे लपवले का माह्यापासून?"

"लपवले नाही आई, वर ठेवले. पाहिजे तेव्हा मागा, काढून देते."

त्यांनी मागितले नाहीत. आठवडाभर बोलल्याही कमीच. मग मी त्यांच्या खुर्चीजवळ फुटाणे-मुरमुरे-दाण्यांची एक छोटी बरणी ठेवली, त्यांच्याच हातची फोडणी देऊन. ती बरणी आता त्याच भरतात. कुणाच्या हातातलं काही काढायचं असेल तर त्या हातात आधी दुसरं काहीतरी द्यावं लागतं, हे मला उशिरा कळलं.

लेकीची एक खालची फळी आहे. तिथे जे आहे ते न विचारता खायचं: फळाचं टोपलं, राजगिऱ्याचे लाडू मोजून चार, खजूर, फुटाणे. हिवाळ्यात त्या टोपल्यात संत्री असतात. नोव्हेंबर-डिसेंबरला संत्र्याचा एक हंगाम, आंबिया बहार, येतो आणि फेब्रुवारीनंतर मृग बहार, म्हणजे मधला थोडा काळ सोडला तर टोपलं भरलेलं. संत्री सोलून ठेवली तर संपतात, नुसती ठेवली तर सुकतात. त्यामुळे संध्याकाळी दोन सोलून वाटीत ठेवायचं काम सासऱ्यांच्या पश्चात सासूबाईंनी घेतलंय.

भांड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कुकर, जड तवा, एक लोखंडी कढई, दोन गंज (पातेली), कोपर (पसरट परात), किसणी. पण सुरीला धार लावून घ्या. बोथट सुरीनं पत्ताकोबी चिरायचा कंटाळा येतो आणि मग आलूची भाजी होते. आमच्याकडे धारवाला येतो त्या दिवशी मी सगळ्या सुऱ्या काढून देते.

भाजी: आणणं सोपं, टिकवणं कठीण

माणशी ४०० ग्रॅम म्हणजे चौघांना दिवसाला १६०० ग्रॅम, आठवड्याला अकरा किलो. एवढी भाजी एका फेरीत आणली तर निम्मी कुजते. मी दोन फेऱ्या करते: रविवारी सकाळी कॉटन मार्केट, जिथे भाव बरा पडतो, आणि बुधवारी घराजवळच्या बाजारातून फक्त पालेभाजी, सांभार (म्हणजे कोथिंबीर) आणि काकडी-भेदरे (टोमॅटो).

रविवारी भाजी आणल्यावर लगेच फ्रिजमध्ये कोंबायची नाही. पाऊण तास द्या, शक्यतो दोन माणसांनी. पालक-मेथी निवडून, मुळं काढून, न धुता सुती कापडात गुंडाळून डब्यात. धुतलेला पाला दोन दिवसांत चिकट होतो. सांभाराची मुळं कापून, कागदात गुंडाळून. फुलकोबीचे तुरे काढून ठेवा, गवार आणि वालाच्या शेंगा मोडून ठेवा. साडेसातला गवार मोडत बसायला कुणीही तयार नसतं. आलू आणि कांदे दोन वेगळ्या टोपल्यांत, अंधारात, हवा खेळेल असे. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. हिरवा पडलेला किंवा कोंब आलेला आलू टाका. केळी फळांच्या टोपल्यात न ठेवता टांगा, नाहीतर शेजारची फळं घाईनं पिकतात.

फ्रिजमध्येही डोळ्यांसमोरचा कप्पा महत्त्वाचा. आपण भाजी खालच्या खणात गाडून टाकतो आणि समोर लोणी, सॉस, थंड पेयाची बाटली. मी उलटं केलं: समोर चिरलेली काकडी-गाजर, निवडलेला पाला, मोड आलेली कडधान्यं, दही. सॉस दारात. दूधही दारात नको, दार उघडताना तिथलं तापमान सारखं वर जातं. फ्रिजचं आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. मेमध्ये त्यासाठी बटण पुढे सरकवावं लागतं आणि मागे भिंतीपासून हात जाईल एवढी जागा सोडावी लागते.

शिजवलेलं अन्न बाहेर किती वेळ राहू द्यायचं, यात नागपूरकर फार बेफिकीर आहेत. साधा नियम दोन तासांचा आहे, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्री आठलाही तेवढं असतंच. वरणाचा गंज ओट्यावर तसाच ठेवून झोपू नका. उरलेलं कोपरात पसरून पंख्याखाली गार करा आणि तासाच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी उकळी फुटेपर्यंत गरम करा, नुसतं कोमट नाही.

फ्रिजमध्ये जागा नसेल तर उन्हाळ्यात माठाची युक्ती चालते. मोठ्या मातीच्या कुंडीत वाळू, त्यात छोटं मडकं, वाळू ओली, वरून ओलं कापड. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि मडकं गार राहतं. काकडी, लौकी, भेंडी दोन-तीन दिवस छान राहतात. पाऊस लागला की हा प्रकार बंद, दमट हवेत पाणी उडतच नाही.

ऋतूनं जे दिलं ते स्वस्त असतं आणि ताजंही. हिवाळ्यात मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, वाटाणे, आवळे. वाटाणे जानेवारीत पाच किलो घेऊन दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, लगेच गार पाण्यात, कापडावर कोरडे करून फ्रीझरमध्ये. आवळ्याची सुपारी उन्हात होतेच. पावसाळ्यात तरोटा (टाकळा), काटवल (कर्टुलं), अंबाडी. तरोटा कोवळा असतानाच, पहिल्या पावसानंतरच्या थोड्या दिवसांत. काटवल महाग वाटलं तरी वर्षात दोनदा घ्यावं. उन्हाळ्यात पालेभाजी महाग आणि मरगळलेली असते, तेव्हा दोडकं, लौकी, कोहळं, कैरी. त्या दिवसांत ४०० ग्रॅमचा आकडा कांदा-काकडीच्या कोशिंबिरीनं गाठावा लागतो.

साडेसातची तयारी

सकाळची दहा मिनिटं आणि रविवारचा एक तास, यावर आठवडा चालतो.

रविवारी: दोन वाट्या मूग आणि दोन वाट्या मोट भिजत घालते, सोमवारी सकाळी फडक्यात बांधून मंगळवारपर्यंत मोड. उन्हाळ्यात हे बारा तासांतच येतात आणि जास्त ठेवले तर वास मारतो, म्हणून मोड दिसताच फ्रिजमध्ये. फल्लीदाणे भाजून अर्धे कूट, अर्धे अख्खे. जवस भाजून तिखट-मीठ-लसूण घालून चटणी, पण एका आठवड्याचीच. जवसात ओमेगा-३ प्रकारचं तेल भरपूर असतं आणि तेच तेल दळल्यावर लवकर खवट होतं. अख्खे जवस महिनोन् महिने टिकतात, चटणी नाही. ज्वारीचं दळण दोन किलोच. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि मग घरात सगळे म्हणतात की पोळीच बरी.

रोज सकाळी: कुकर लावताना एका डब्यात संध्याकाळची तूरडाळही शिजवून घेते, गार करून फ्रिजमध्ये. संध्याकाळी फक्त फोडणी. निघण्याआधी एक कांदा, एक भाजी चिरून डब्यात.

एवढं असलं की साडेसातला पर्याय उभे राहतात. चून (पिठलं) आणि भाकरी: दोन कांदे, वाटीभर बेसन, बाजूला कच्चा मुळा किंवा काकडी, वीस मिनिटं. मोडाच्या मुगाची कुकरातली उसळ आणि सकाळचा फोडणीचा भात, त्यात मूठभर निवडलेली मेथी. डाळ-पालक, डाळ तर शिजलेलीच आहे. दलियाची खिचडी, गाजर-वाटाणे घालून. अगदीच जीव नसेल त्या दिवशी पोहे, पण दाणे आणि मोड भरपूर घालून, वर निंबू आणि सांभार. तर्री नाही, म्हणून लेक नाक मुरडते, पण खाते.

फ्रिजच्या दारावर हे पाच प्रकार मी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलेत. मला पाठ आहेत, कागद नवऱ्यासाठी आहे. ज्या दिवशी मला उशीर होतो त्या दिवशी तो कागद वाचून चून करतो. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या होत्या. आता नाही होत, कारण बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं हे मी कागदावर खाली लिहून ठेवलंय.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डबे हलवून पाहते: काय संपलं, काय तसंच पडून आहे. तेच पडून राहिलेलं दुसऱ्या महिन्यात पुन्हा तसंच दिसलं की ते यादीतून कमी. नाचणीचं पीठ आमच्याकडे असं दोनदा गेलं. बार्ली एकदाच आणली. मृग लागायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्या डब्यांची रबरं तपासायची, कोठीतला कडुलिंबाचा पाला बदलायचा आणि रवा-दलियाचा साठा पंधरा दिवसांपुरताच ठेवायचा. यंदा तीन झाकणांची रबरं सैल निघाली, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतात, माप घेऊन जायचं.